सात वर्षांचा पाचोळा

जिवाजीच्या गावात आळशी म्हणवून घेणं हे चोर म्हणवून घेण्यापेक्षा वाईट समजत. डोंगराच्या अर्ध्या उंचीवरचं ते गाव. सुपारी, नारळ, केळी, मिरी. घरटी एक बाग आणि प्रत्येक बागेत पहाटेपासून कुदळीचा आवाज. चोराला तिथे निदान बसा तरी म्हणाले असते. ज्याच्या झाडाखाली पाचोळा साठलाय, त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे.

पावसाळा सरला की प्रत्येकाने बाग खणायची, झाडाभोवती आळी करायची, पडलेलं पान न् पान गोळा करून जाळायचं, खोडांना चुना आणि गेरूचे पट्टे ओढायचे. मग कार्तिकी पौर्णिमेला अख्खं गाव ढोल घेऊन एकेका बागेत शिरायचं. याला बागफेरी म्हणत. ज्याची बाग सगळ्यांत स्वच्छ, त्याच्या वेशीवर म्हातारे सदोबा मानकरी आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचे आणि मालकाच्या हातात नारळ द्यायचे. बस्स, एवढंच. नारळ काय, तिथे प्रत्येकाच्या अंगणात पडलेले असत. पण त्या एका नारळासाठी माणसं महिनाभर कंबर मोडून घेत.

जिवाजीला तो नारळ सलग नऊ वर्षं मिळाला होता. माणूस खरोखरच कष्टाळू. ताप अंगात असला तरी कुदळ हातात. लोक आपल्या पोरांना सांगायचे, "बघा, जिवबाकडे बघा जरा." आणि पोरांनी बघितलं की जिवाजी आणखी जोरात खणायचा. हे शेवटचं वाक्य विसरू नका. सगळी गोष्ट त्यातच आहे.

त्याची बायको द्वारका. तिचा भाऊ दूर दक्षिणेत कॉफीच्या मळ्यावर कामाला होता. एकदा ती त्याच्याकडे महिनाभर राहून आली. येताना तिने ओल्या गोणपाटात गुंडाळून अठरा कलमं आणली. झाडाचं नाव मॅकाडेमिया. गावाने ते नाव एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. सगळे म्हणू लागले, द्वारकावहिनीची झाडं.

"अहो," द्वारका त्या दिवशी जिवाजीला म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली. या जमिनीत काय लावायचं ते तुम्ही ठरवलंत, कधी तोडायचं ते तुम्ही ठरवलंत. मी कधी काही मागितलं नाही. आता एक मागते. वरचा उतार मला द्या."

"घे की! तिथे नाहीतरी सुपारी होत नाही," जिवाजी म्हणाला. मनाने तो वाईट नव्हता.

"नुसतं घे म्हणून भागणार नाही. मळ्यावरच्या माळीबाबांनी तीन गोष्टी सांगितल्यात. या झाडाची मुळं वरच्या वर, पाचोळ्याच्या खाली पसरतात. केसासारखी बारीक असतात. म्हणून तिथे कुदळ लावायची नाही. पडलेला पाचोळा उचलायचा नाही. आणि फळाला हात लावायचा नाही, झाड आपण होऊन देतं. पोत्यातलं खतही याला सोसत नाही म्हणाले. शब्द द्या मला."

"दिला शब्द," जिवाजी म्हणाला. "तुझ्या उतारावर माझी कुदळ येणार नाही."

शब्द देताना माणसाला काहीच लागत नाही हो. लागतं ते नंतर.

पहिली दोन वर्षं कुणाचं लक्ष नव्हतं. कलमं गुडघ्याएवढी होती. तिसऱ्या वर्षी ती कंबरेच्या वर गेली, खाली पानं साचू लागली आणि बागफेरीच्या दिवशी सदोबा मानकरी वेशीवरच थांबले. खालची सुपारीची बाग लख्ख होती. वरचा उतार मात्र सुकलेल्या पानांनी भरलेला.

"जिवबा, हे काय रे?" त्यांनी विचारलं.

"ती हिची झाडं आहेत," जिवाजी म्हणाला. "तिथे खणायचं नसतं."

शेजारचा नरसू मोठ्याने हसला. "खणायचं नसतं! अरे वा! मला पण असलीच झाडं आणून द्या वहिनी. मी झोपतो मस्त."

सगळं गाव हसलं. त्या वर्षी नारळ नरसूला मिळाला.

चौथ्या वर्षीही नरसूलाच. पाचव्या वर्षी ढोलवाले उताराकडे बघून मुद्दाम वाजवायचे थांबले. सहाव्या वर्षी तर कुणीतरी त्या उताराला नावच ठेवलं, 'जिवबाचं अंथरूण.' जिवाजीच्या जिवाला ते फार लागलं. तो रोज सकाळी उताराकडे पाठ करून चूळ भरायला लागला.

द्वारका मात्र दिवसातून तीनदा तिथे जायची. पाचोळ्यावरून अनवाणी, जपून चालायची. पहाटे हात घालून बघायची, खाली ओलावा आहे ना. सातव्या वर्षी माघात झाडांना लांबलांब पांढरे तुरे आले. तुरे गळाले आणि मागे बारीक हिरवी फळं राहिली. ती धावत घरी आली. "अहो, चला ना! फळ धरलंय. एकदा बघा तरी!"

"बघीन नंतर," जिवाजी म्हणाला. "केळीला पाणी लावतोय."

तो काही गेला नाही. लोक म्हणाले असते, अंथरुणावर लोळायला गेला.

दसरा झाला आणि निरोप आला. धाकटी लेक बाळंतपणाला टेकली होती. द्वारकेला जावं लागलं. जाताना तिने लेकीच्या बाळासाठी शिवलेल्या दुपट्यातलं उरलेलं कापड घेतलं आणि त्याची एक लहान पिशवी शिवली. निळ्या ठिपक्यांची.

"ही माझ्या फळांची," ती हसून म्हणाली. "आल्यावर यातच वेचणार. मी तिकडे मळ्यावर एकच खाल्लं होतं. सात वर्षं ती चव जिभेवर घेऊन बसलेय. तुम्हाला पण देणार, काळजी नको. तोवर उताराकडे फक्त लक्ष ठेवा. काही करू नका. काही म्हणजे काही करू नका."

"नाही गं बाई, नाही करत," जिवाजी म्हणाला.

ती गेली. दिवाळी झाली. गावात कुदळींचा आवाज वाढला. जिवाजीने सुपारीची बाग चार दिवसांत खणून काढली. मग हात रिकामे झाले. रिकामे हात त्याला सोसत नसत.

नरसू दगडी गडग्यापलीकडून डोकावला. "जिवबादादा, यंदा वहिनी नाहीत. आता तरी ते अंथरूण गुंडाळा. का तुम्हालाही सवय लागली?"

त्या दिवशी जिवाजी बऱ्याच वर्षांनी उतारावर गेला. झाडाखाली उभा राहून वर बघितलं. पानं, पानं आणि पानं. फळ एकही नाही. त्याने अठराही झाडं हिंडून बघितली. कुठे काही नाही.

'फळ धरलंय म्हणे!' तो मनात म्हणाला. 'चार वर्षं हिच्या नादाने मी गावाचं हसं झालो. आणि झाडं वांझ!'

अरे भल्या माणसा, खाली बघ ना! पण खाली बघायचं त्याला सुचलं नाही. खाली त्याला फक्त पाचोळा दिसत होता.

पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. त्याने कुदळ घेतली.

पहिल्या झाडाशी क्षणभर हात अडला, हे खोटं सांगणार नाही. द्वारकेला दिलेला शब्द त्याला आठवला. पण त्याच वेळी गडग्यापलीकडे नरसूची कुदळ थांबली. तो बघत होता. जिवाजीने पहिला घाव घातला.

एकदा सुरुवात झाल्यावर काय विचारता! कष्टाचा माणूस तो. दोन दिवसांत त्याने अठरा आळी खणली. इतकी गोल, इतकी खोल की बघत राहावं. मातीत पांढऱ्या केसांची जाळी निघाली, ती त्याने हरळी समजून झटकून टाकली. प्रत्येक आळ्यात पोत्यातलं खत दोन-दोन ओंजळी घातलं. पाचोळा लांब दांड्याच्या पंज्याने ओढून एका जागी आणला. ओढताना आत काहीतरी खडखडत होतं. त्याला वाटलं, खडे असतील. माणसाच्या उंचीचा ढीग झाला. त्याने काडी लावली.

ढीग धडाडून पेटला. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. फट. फट. फटफट.

दिवाळीतले उरलेले फटाके कुणी वाजवतंय असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं, आवाज समोरूनच येतोय. काठीने त्याने एक काळा गोळा बाहेर ओढला. गोटीएवढा, गुळगुळीत. कवच तडकलेलं. आतलं तेल अजून जळत होतं.

झाड आपण होऊन देतं. तेव्हा कुठे त्याला ते वाक्य कळलं. झाडांनी दिलं होतं. पाचोळ्यात अलगद ठेवलं होतं. आणि ते सगळं आता त्याच्यासमोर फुटत होतं.

त्याने घागर आणून ओतली. दुसरी आणली. तिसरी आणेपर्यंत विझवायला काही उरलं नव्हतं.

अजूनही एक गोष्ट त्याच्या हातात होती, बरं का. तो गावासमोर जाऊन म्हणू शकला असता, "माझं चुकलं, माझ्या बागेत यंदा येऊ नका." लेकीकडे निरोप धाडू शकला असता. जिवाजीने ते केलं नाही. त्याने राख उतारावर पसरली, वर माती ओढली आणि खोडांना चुना-गेरूचे पट्टे दिले.

पौर्णिमेला ढोल वाजत आले आणि उतारासमोर सगळे थक्क झाले. एक पान खाली नव्हतं. अठरा गोल आळी, अठरा रंगवलेली खोडं. सदोबा मानकऱ्यांचे डोळे भरून आले.

"माझा जिवबा परत आला," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने उताराच्या वेशीवर तोरण बांधलं. नरसूनेही पाठ थोपटली. जिवाजीने नारळ घेतला. चार वर्षं ज्यासाठी जीव तळमळत होता, तो नारळ. तो हातात घेऊन त्याला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

पाच दिवसांनी द्वारका आली. नातीचं तोंड बघून आली होती, त्यामुळे दुरूनच हसत होती. घरात पाय धुतले आणि ठिपक्यांची पिशवी घेऊन तशीच वर गेली. जिवाजी अंगणात बसून राहिला. तिला हाक मारायचं धैर्य त्याला झालं नाही.

बराच वेळ ती आली नाही. शेवटी तो गेला.

ती एका आळ्याशी बसली होती. हातात तुटलेल्या पांढऱ्या मुळांचा पुंजका. झाडं अजून हिरवीगार होती. वेशीवर तोरण सुकत होतं.

"हे अजून उभं आहे म्हणून जिवंत समजू नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "याचं तोंड तुम्ही कापलंत. आता हे काय खाणार?"

"मला वाटलं फळ नाहीच धरलं..."

"मला विचारलंत?"

जिवाजी पायाने माती सारखी करू लागला.

"कुणासाठी केलंत हे?"

त्याने वेशीकडे, तोरणाकडे बघितलं. द्वारकेनेही बघितलं. तिला उत्तर मिळालं.

मग ती वरची माती उकरून राखेत काठी घालून शोधत राहिली. ऊन उतरेपर्यंत शोधलं. काळे गोळे निघाले, शंभर असतील, दीडशे असतील. आत सगळ्यांच्या कोळसा. शेवटी गडग्याच्या दोन दगडांच्या सांदीत एक तपकिरी फळ अडकलेलं सापडलं. पंजा तिथवर पोचला नव्हता. अठरा झाडांचं, सात वर्षांचं ते एक फळ.

कवच भारी टणक. जिवाजीने ते दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने ठोकलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा फुटलं. आत पांढराशुभ्र, गोल गर. त्याने तो तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरला.

"तुम्ही खा," द्वारका म्हणाली. "मला चव ठाऊक आहे."

त्याने खाल्लं. खोबऱ्याहून मऊ, लोण्यासारखं, आणि शेवटी जिभेवर राहणारा एक गोडवा. आपण काय जाळलं ते जिवाजीला तेव्हा कळलं. तो तिथेच मटकन बसला आणि हमसून हमसून रडला. द्वारका उठून खाली गेली. दिवेलागणीची वेळ झाली होती, घरात कामं होती.

पौषात पानांच्या कडा करपल्या. माघात तुरे आले नाहीत. जिवाजी वेड्यासारखा घागरी वाहत होता. एक दिवस तो कुदळ घेऊन निघाला, आळी बुजवायला. द्वारका वाटेत उभी राहिली.

"आता तरी ती खाली ठेवा," ती म्हणाली.

वैशाखात वारा सुटला. धरून ठेवायला मुळं नव्हती. आठवड्याभरात एकेक करत अठराही झाडं आडवी झाली. घरात जेवताना आवाज यायचा. जिवाजीचा घास हातातच राहायचा. द्वारका मान वर करत नसे. ती मनातल्या मनात मोजत असे, हे तिच्या ओठांवरून कळायचं.

"आपण परत लावू," तो म्हणाला. "मी स्वतः दक्षिणेत जातो, कलमं आणतो. सात वर्षं काय, बघता बघता जातील."

"झाडं येतील हो," द्वारका म्हणाली. "पण सात वर्षं तुमच्या कुदळीवर पहारा करायची ताकद माझ्यात राहिली नाही."

त्या उतारावर पुन्हा काही लावलं गेलं नाही. द्वारकेनेही नंतर कधी काही मागितलं नाही. जेवायला वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची, आजारपणात उशाशी बसायची. सगळं होतं. पण 'अहो, चला ना, बघा ना' म्हणून धावत येणारी द्वारका जिवाजीला पुन्हा दिसली नाही. ठिपक्यांची पिशवी खुंटीला रिकामी लटकत होती. पुढे तिने त्यात मेथीचे दाणे भरले.

पुढच्या कार्तिकात बागफेरी आली. उजाड उतारासमोर सगळे थांबले. सदोबा मानकरी हळहळले.

"कमनशिबी झाडं," ते म्हणाले. "एवढी मेहनत घेतली जिवबाने, तरी टिकली नाहीत."

जिवाजी वर्षभर जे गिळत होता ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "नाही मानकरी. माझ्या मेहनतीनेच मेली. हिला शब्द दिला होता, तो मोडून मी त्यांची मुळं कापली. तुमच्या तोरणासाठी कापली!"

क्षणभर ढोलवाले गोंधळले. मग नरसूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, किती जिवाला लावून घेतलंय. दादा, तुमच्याएवढं कुणी राबत नाही हो या गावात."

"अगदी खरं," सगळे म्हणाले. आणि सदोबांनी त्याच्या हातात नारळ ठेवला. सांत्वनाचा.

जिवाजीने दाराकडे बघितलं. द्वारका उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. त्याने खरं बोलून दाखवलं होतं, भर गावात, पण वर्ष उशिरा. ती आत गेली आणि तिने दार हळूच लोटून घेतलं.

ढोल नरसूच्या बागेकडे निघाले. जिवाजी नारळ घेऊन अंगणात उभा होता.

तात्पर्य: आपल्या माणसाला दिलेला शब्द लोकांच्या शाबासकीसाठी मोडू नये, शाबासकी पुन्हा मिळते, पण तुटलेला विश्वास कितीही राबलं तरी परत रुजत नाही.